खुर्चीएवढं ऊन

सारिकाने सासूबाईंना खुर्चीत बसवून, खुर्ची ओढत विहिरीजवळच्या उन्हात आणली. कंबरेवर हात ठेवून ती जरा उभी राहिली, तोच माई म्हणाल्या,

"सरकय गो. माका ऊन लागता."

"आत्ताच ठेवलंय मां, माई?"

"मगे काय झालां? सावळेक ठेय."

रोजचंच होतं हे. शेजारी तीन मजली होमस्टे उठल्यापासून घरामागच्या परड्यात ऊन यायचं ते सकाळी, घटकाभर, तेही एका खुर्चीपुरतं. त्यात श्रावण, सूर्य दिसला तर दिसला. सांधे आखडलेल्या माईंना डॉक्टरांनी कोवळं ऊन घ्यायला सांगितलं होतं आणि माईंना नेमकं तेच नको होतं. सारिकाने दात-ओठ खात खुर्ची फणसाखाली ओढली.

उन्हातल्या मोकळ्या झालेल्या जागेत तिने मासळीचा थर्माकोलचा खोका आणून ठेवला. मातीने भरलेला, काठ्यांवर काकडीचा वेल चढवलेला. उचलताना कंबरेत कळ आली. पाणी, भाकऱ्या, माईंची आंघोळ उरकली होती. अजून काजूच्या कारखान्यात जायचं होतं. नवरा गोव्यात, चतुर्थीला यायचा. एवढ्या धबडग्यात हा वेल कशाला, असं तिला स्वतःलाच वाटायचं. पण गेल्या वर्षी गणपतीवर टांगलेल्या माटवीच्या चौकटीला फळं-भाज्या बांधताना माई सगळ्यांदेखत बोलल्या होत्या, "विकतचां तवसां? आमच्या परड्यातलां कधी चुकलां नाय." कुडाळच्या बाजारातली ती काकडी बांधताना सारिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. यंदा घरचंच तवसं बांधायचं, हा तिचा हट्ट होता.

वेलावर बोटाएवढं एक धरलं होतं.

"पान बाजूक कर. तेच्यार सावळी पडता," माई फणसाखालून म्हणाल्या.

सारिकाने पान बाजूला केलं. मग तेलाची वाटी घेऊन ती माईंच्या पायाशी बसली. ऊन लागतं म्हणणाऱ्या माईंनी पदराखाली गुडघ्यांना शाल गुंडाळली होती. घट्ट, दुहेरी. आत हात घातला तर गुडघे थंडगार.

"ऊन लागता मां तुमका?"

माई वेलाकडे बघत राहिल्या.

"तेका चतुर्थीआधी वाढूक व्हया," त्या हळूच म्हणाल्या.

सारिकाला रडू आलं आणि रागही आला. इतके दिवस ही म्हातारी गारठ्यात बसत होती, आणि आपण मनातल्या मनात तिला शिव्या घालत होतो. ती उठली. खोका उचलून भिंतीकडे ठेवला आणि खुर्ची माईंसकट परत उन्हात आणली.

"आणि तवसां?"

"नाय झालां तर विकतचां बांधूया."

माईंनी गुडघ्यांवरची शाल सोडली आणि सारिकाच्या हातात दिली.