ओरिसांद घरी जात नाही

मेंढ्यांच्या बाजारासाठी ओवेन ट्रेगियर शेतावरून बॅलराट शहरात आला आणि त्याची गाडी बंद पडली. गॅरेजवाला म्हणाला, संध्याकाळपर्यंत काही होत नाही. म्हणून ओवेन लेकीच्या घरी गेला. ब्रायनी शेत सोडून इथे चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करायला शिकत होती. ती गेली त्या दिवशी ओवेन मेंढ्यांना औषध पाजत राहिला होता. फाटकापर्यंतसुद्धा आला नव्हता.

स्वयंपाकघरात तिचे दोन मित्र बसले होते, तुआन आणि मेव्ह. टेबलावर खिम्याचे पॅटिस, सॉसची बाटली आणि नाना आकारांचे फासे. दर रविवारी त्यांचा खेळ चाले. एकेकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. बाकीचं सगळं जग ब्रायनी चालवायची. आज चौथी मैत्रीण तापाने पडली होती. तिचं पात्र ओवेनच्या गळ्यात पडलं.

"तू ओरिसांद," ब्रायनी म्हणाली. "सरदाराची मुलगी. एकोणीस वर्षांची. लग्न मोडून पळाली आणि जादूगारीण झाली."

"मी?" ओवेनने स्वतःच्या राठ हातांकडे पाहिलं.

"हो, बाईसाहेब," तुआन म्हणाला. "आणि जरा नीट बसा, पाय फाकून नाही."

ओवेनला काही उमगेना. वीस बाजूंचा फासा टाकायचा म्हटलं की तो चार बाजूंचा उचलायचा. दरोडेखोरांवर आग टाकायला गेला, ती मेव्हच्याच घोड्यावर पडली. मेव्ह म्हणाली, ही पोरगी घरीच बरी होती. ओवेनला ते उगाच लागलं. मग कोण पोरगी आणि आपल्याला का लागावं, याचाच तो विचार करत बसला.

तेवढ्यात खेळात एका पुलावर घोडेस्वार उभे राहिले. पुढे ओरिसांदचा बाप. ब्रायनीने आवाज खाली आणला.

"ओरिसांद, घरी चल. मी रागावलो नाही. तुझी खोली आहे तशीच ठेवलीय."

ओवेन तिच्याकडे बघत राहिला. हा सरदार बोलत होता की ब्रायनी? की ब्रायनी त्यालाच बोलून दाखवत होती? तिघं उत्तराची वाट बघत होते.

"खोली आहे तशी नाही," तो म्हणाला. "तिथे लोकरीची पोती ठेवलीत. छतापर्यंत."

तुआनने मेव्हकडे पाहिलं. सरदाराच्या वाड्यात लोकर कुठून आली, हे कुणीच विचारलं नाही. ब्रायनीने हातातला फासा खाली ठेवला.

"मग ओरिसांद काय करते?" तिने विचारलं. आता आवाज तिचा स्वतःचा होता.

"जात नाही ती. शिकतेय ना अजून? अर्धवट सोडून कशी जाईल?" तो अडखळला. "पण जेवायला वगैरे गेली तर... म्हणजे बापाने दार लावलेलं नाही. असं खेळात म्हणता येतं का?"

"येतं," ब्रायनी म्हणाली. सरदाराने घोडा वळवला. नंतरची लढाई ओवेनला फारशी आठवत नव्हती. आपण त्यात बहुतेक बेशुद्ध पडलो होतो, इतकंच.

संध्याकाळी ती त्याला गॅरेजपर्यंत सोडायला आली.

"बाबा, ते तू कोणाला म्हणालास?"

ओवेनने प्रामाणिकपणे विचार केला. "मलाच कळलं नाही गं."

"मलाही कळलं नाही. तो सरदार दुष्ट असणार होता. तिला बांधून न्यायचं मी ठरवलं होतं. तू समोर बसलास आणि मला ते बोलताच येईना."

चांगलं झालं की वाईट, हे ओवेनला ठरवता येईना. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग गाडीत बसला आणि बराच वेळ, घर कुठल्या बाजूला तेच त्याच्या ध्यानात येईना.