दोन बटणांची आगगाडी

वीज ही आबांची दासी होती. निदान आबा तरी तसं चारचौघांत जाहीर करत. घराच्या बेलचं मत वेगळं होतं. आबांनी दुरुस्त केल्यापासून ती न्हाणीघरातला दिवा लावला की वाजायची, आणि पाहुणे बिचारे दार बडवायचे.

त्यामुळे नातीसाठी मोठ्या फळीवर खेळण्यातली आगगाडी बसवायचं आबांनी ठरवलं, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आधी मी तपासणार. पसंत पडली नाही तर गाडी माळ्यावर. भिंगरी दहा वर्षांची होईपर्यंत."

तोवर आबा ऐंशीच्या पार गेले असते. त्यांनी कंबर कसली.

भिंगरी चार वर्षांची. दिसेल त्या भोकात बोट घालणं हा तिचा जोडधंदा. मुख्य धंदा, तेच बोट तोंडात घालणं.

आबांनी अडॅप्टर भिंतीवर उंच, कुलपाच्या पेटीत ठेवला. खाली रुळांपर्यंत उतरली ती नुसती बारा व्होल्टची वीज. लेक फळीखाली वाकली.

"ही वायर लोंबतेय. गळ्यात अडकली म्हणजे?"

आबांनी सगळ्या वायरी उपसल्या आणि पट्टीत घालून फळीच्या पोटाशी घट्ट बसवल्या. रुळांवर केसांची पिन आडवी पडली तर? फ्यूज घातला. मग स्वतःच पिन टाकून पाहिली. फ्यूज उडाला. आबा इतके खूश झाले, की त्यांनी आणखी दोन उडवले.

"आणि चाकात बोट घातलं तर?"

"माझ्या मुळावरच उठलीस की गं!"

"तुमच्यावरच गेलेय."

आबा जेवायला बसले. भात कालवताना त्यांचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर उभा जन्म काढून ते दहाही बोटांनिशी निवृत्त झाले होते, ते दोन बटणांच्या कृपेने. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबून धरली तरच यंत्र चालायचं. एक हात सुटला की जागच्या जागी थांबायचं. आबा ताटावरून उठलेच.

भिंगरीचे हात पसरतील तेवढ्या अंतरावर फळीच्या कडेला दोन लाल बटणं बसली. लेकीने डावा हात सोडून पाहिला. गाडी थांबली. उजवा सोडला. थांबली. एकाच हाताने दोन्ही दाबायचा खटाटोप केला, हात पुरेना.

"पास," ती नाइलाजाने म्हणाली.

भिंगरी दोन्ही हात पसरून उभी राहिली. गाडी निघाली, पुठ्ठ्याच्या बोगद्यात शिरली, बाहेर आली. आबांचा ऊर भरून आला. आयुष्याचं सार्थक वगैरे काहीतरी भारदस्त बोलावं म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"आबा," गाडीवरची नजर न हलवता भिंगरी म्हणाली, "माझं नाक खाजवा ना जरा."