वाळत घातलेली मशीन

मी बोलतेय. इकडे, वर बघा. गच्चीवर वाळत टाकलेल्या घागऱ्यांच्या आणि पसरून ठेवलेल्या बटाट्यांच्या मधे काचेची एक पेटी दिसतेय ना, ती मी. पोटात तारा लोंबतायत आणि काचेवर कबुतरांनी नक्षी काढलीय. मला बघायला एकेकाळी गल्लीतली माणसं यायची, यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझाही हल्ली बसत नाही.

मी कंप्युटर. पण हिशेब मांडणाऱ्यातली आणि पत्रं लिहिणाऱ्यातली नाही हं. इमारती रंगवणारी, जड कामाची मशीन. गर्व होता मला त्याचा. आता कसला गर्व! काल एक कोंबडी माझ्यात अंडं घालायला जागा बघत होती.

माझे आईबाप विचारू नका. मेंदू एका देशातला, पंखे दुसऱ्या देशातले, सगळं साठवून ठेवणारी पोटातली चकती तिसऱ्याच ठिकाणची. खाली ला पास शहरात एका दुकानाच्या गल्ल्यावर मला जोडलं, तोच माझा जन्म. तिथेच निएवेस आली. चाळिशीची बाई, हातात पिशवी, बरोबर मोठ्या बहिणीचा नवरा, इलारियोन. हे भावोजी वर, डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तोमधे इमारती बांधतात आणि निएवेस त्या आधी पडद्यावर काढून दाखवते. आमच्याकडच्या इमारती तुम्ही पाहिल्या असतील. खाली दुकानं, वर नाचाचा दिवाणखाना, त्याच्यावर भाडेकरू आणि अगदी डोक्यावर मालकाचं घर. रंग असे की नजर ठरत नाही.

"मला आख्खी इमारत फिरवून दाखवायचीय," निएवेस दुकानदाराला म्हणाली. "माणूस आत चालत गेल्यासारखी. ऊन, सावली, झुंबरं, सगळं."

"मग कासेरिता, तुम्हाला मशीन नको, बैल हवा," तो म्हणाला. आमच्याकडे दुकानदार गिऱ्हाइकाला लाडाने कासेरिता म्हणतात.

बैल त्याच्याकडे दोन होते. आतून दोघींचं सामान सारखंच. दुसरी होती काळी, ठेंगणी, पुढून सगळी जाळीच जाळी आणि थाळ्याएवढे पंखे. आणि मी काचेची, पोटात रंगीत दिवे.

निएवेसने काळीवर हात ठेवला. "हिच्यात हवा खेळते, भावोजी."

"ही? ही पाववाल्याची भट्टी आहे."

"दिवसदिवस चालवायची आहे. तापली तर बंद पडेल."

"अगं, आपल्या एल आल्तोत काय तापतं? पाणीसुद्धा तापायला तास लागतो. आणि मला सांग, आपण बांधतो काय? दर्शनी भागच ना? रस्त्यावरून बघणाऱ्याचा आ वासला पाहिजे. दोन्या फाकुंदा तुझ्या खोलीत आली की आधी काय बघणार, तुझं ग्राफिक्स कार्ड?"

निएवेस हसली. तिथेच सगळं घसरलं. तिला सगळं कळत होतं हो, कुठली मशीन किती दम धरेल ते दुकानदारापेक्षा जास्त कळत होतं. पण तीही शेवटी दर्शनी भाग रंगवूनच पोट भरणारी. आणि भावोजी आपली व्हॅन घेऊन, दिवसाचं काम बुडवून आले होते, त्यांनी एवढं एकच मागितलं होतं.

आणि मी काय करत होते? डोळे मिचकावत होते. निळा, जांभळा, हिरवा. मला घ्या, मला घ्या!

आता दोन्या फाकुंदा कोण ते सांगते. दोन्या म्हणजे बाईसाहेब. ही टायरांची मोठी व्यापारी. तिला सात मजली इमारत बांधायची होती, आणि काम कुणाला द्यायचं ते ती कार्निव्हलनंतरच्या रविवारी ठरवणार होती. "कागद मला दाखवू नकोस," तिने निएवेसला बजावलं होतं. "कागदात मला काही कळत नाही. मला आत फिरव."

काम मिळालं असतं तर ते वर्ष-दोन वर्षांचं. नाही मिळालं तर परदेशातल्या साव पावलोची बस. तिथे चुलत बहिणीने शिवणकामाच्या कारखान्यात निएवेससाठी जागा धरून ठेवली होती. तळघरात मशिनी मांडलेल्या, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. "कार्निव्हल झाला की ये, नाहीतर जागा दुसरीला जाईल," असा फोन यायचा. निएवेसची पोर, नायरा, मावशी-भावोजींच्या या घरात मागे राहिली असती. नायराच्या बापाचं विचाराल तर तो केव्हाच सांताक्रूसला गेला, आणि त्याचा फोन नंबरही त्याच्याबरोबर गेला.

एक दिवस नायराने विचारलं, "आई, ही मशीन चालली तर तू जाणार नाहीस ना?"

"नाही जाणार."

"मग चाल गं बाई," नायरा माझ्या काचेला नाक लावून म्हणाली. तिचा तो नाकाचा ठसा कितीतरी दिवस होता.

चालले असते हो मी. जीव तोडून चालले असते. पण इथे इतक्या उंचावर हवा विरळ. खालून पाहुणे वर आले की त्यांना धाप लागते, मग कुणी कोकाच्या पानांचा चहा देतं, कुणी म्हणतं हळू चाला, बसा जरा. माझे पंखे गरगर फिरायचे आणि हाताला काही लागायचं नाही. पंख्यांनी ढकलायची तर हवा तर हवी! माझं काम म्हणजे कोऱ्या भिंतींवर ऊन, सावली, रंग चढवायचे आणि एकेक चित्र शिजवायचं, अशी हजारो चित्रं ओळीने लावली की त्याचा सिनेमा. जरा कुठे जिना चढले की डोकं तापायचं, डोळ्यापुढे अंधारी यायची, आणि मी धप्प. निएवेस पुन्हा उठवायची. पुन्हा धप्प. अंगावर दिवे मात्र झगमगत. मेकअप करून आयसीयूत पडलेली बाई बघितलीय कधी? तशी मी.

शेवटी निएवेसने माझी काच काढली, वरचं झाकणही काढलं. समोर टेबलफॅन लावला. थंडीने बोटं गारठलेली आणि घरात पंखा! शेजारीण दारातून म्हणाली, "चाळिशी बाधली वाटतं तुला."

"मला नाही, हिला," निएवेस म्हणाली.

पण उघडी पडल्यावर मी श्वास घेतला. जिना झाला, दुकानं झाली. दिवाणखाना आणि दर्शनी भाग तेवढे राहिले, सगळ्यात अवघड. कार्निव्हलच्या मंगळवारी सकाळी निएवेसने ते शिजायला लावले. त्या दिवशी आमच्याकडे घरोघर चाल्ला असते. ज्याच्या जिवावर आपण जगतो ते घर, ती गाडी, ते अवजार, सगळं फुलांनी, रंगीत कागदांनी सजवायचं आणि त्यावर बिअर ओतून धरणीमायला पाजायचं. निएवेस नायराला घेऊन आईच्या घरच्या चाल्लेला निघाली.

"भावोजी, मशीन कामात आहे. हात लावू नका."

"नाही गं बाई, नाही लावत."

आणि खरंच, हात नाही लावला त्यांनी.

आधी सिमेंटचा मिक्सर झाला. मग व्हॅन, घमेली, फावडी, उंबरठा. अंगणात फटाके, धूप, बिअरचा फेस. मग भावोजी आत आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पाचामामा, धरणीमाय," ते म्हणाले, "ही आमच्या निएवेसची. हिला ताकद दे. ही पोरगी सगळ्या गावाला घरं काढून देते, तिला परक्याच्या तळघरात पाठवू नकोस. नायरा लहान आहे अजून."

पाकळ्या टाकल्या. रंगीत कागदाची फीत माझ्या गळ्यात घातली. मी मनातल्या मनात ओरडत होते, भावोजी, बास, इतकंच! थोडी जमिनीवर शिंपडा, कोपऱ्यात शिंपडा. लोक करतात की तसं. चार थेंबांनी वाचले असते मी. पण मागणं मोठं होतं, त्यामुळे हात आखडेना. मिक्सरला एक बाटली दिली होती, मला दोन दिल्या. वरून, उघड्या पोटात. अगदी मनापासून.

एक चटका बसला. वास आला. दिवाणखान्याचं पहिलं झुंबर अर्धं उजळलं होतं, ते तसंच राहिलं.

निएवेस परत आली तेव्हा तिच्या केसांत रंगीत कागदांचे तुकडे होते. ती दारातच थांबली. खोलीत बिअरचा वास आणि माझ्यातून थेंब टपकतायत.

"सगळ्यांना दिली गं," भावोजी म्हणाले. "हिलाच कशी उपाशी ठेवू?"

तिने मला आडवी केली, स्क्रू काढले, नायराच्या जुन्या ब्लाउजने पुसलं. चकती काढून उजेडात धरली.

"ही वाचली."

"म्हणजे... सगळं वाचलं?"

"घर वाचलं, भावोजी. घर दाखवणारी गेली."

मग पळापळ. भावोजी रोज खाली ला पासला जायचे, दुकानाच्या बंद शटरला लोंबणाऱ्या फिती बघून परत यायचे. कार्निव्हलचा आठवडा, कोण उघडणार? निएवेस चकती घेऊन इंटरनेटच्या दुकानात गेली. तिथल्या मशीनने जिना दाखवला, पुढच्या मजल्यावर जाताच मान टाकली. रंग नाहीत, ऊन नाही. नुसत्या राखाडी भिंती. जिना, दुकानं आणि या भिंती, एवढंच ती कुणाकडून तरी मागून आणलेल्या लॅपटॉपवर घेऊन आली.

रविवारी दोन्या फाकुंदा आली. शाल, कानांत सोनं, टोपी जरा तिरकी. भावोजींनी पेल्यात गरम आपी, जांभळ्या मक्याची, आणि पुऱ्या पुढे ठेवल्या. मी कोपऱ्यात, चादरीखाली.

जिना बघताना बाई खूश झाली. "वा! हे माझं?"

"हो दोन्या."

मग राखाडी सुरू झालं. बाईचा पेला ओठाशीच थांबला.

"हा तुरुंग आहे का गं?"

"इथे हिरवा येणार, दोन्या. कबुतराच्या गळ्यासारखा चमकणारा. इथे नारिंगी खांब, आणि झुंबर असं, असं खाली उतरणारं..." निएवेस दोन्ही हातांनी हवेत काढून दाखवत होती. खरं सांगते, मला दिसत होतं. मी शिजवायला घेतलं होतं ना ते. पण मला दिसून काय उपयोग?

दोन्या फाकुंदाने ऐकून घेतलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पोरी, टायर घेताना मी लाथ मारून बघते. तुझ्या बोलण्याला लाथ कशी मारू? जिना छान आहे. पण मी काय जिन्यात राहू?"

"आठ दिवस द्या, दोन्या."

"दुसऱ्याने रंगीत दाखवलंय गं. आठ दिवस द्यायला माझं मन तयार आहे, पण..." ती भावोजींकडे वळली. "या मशीनला चाल्ला केली होती ना?"

"केली," भावोजी जमिनीकडे बघत म्हणाले.

"नीट केली होती?"

"दोन बाटल्या दिल्या, दोन्या."

"आणि तरी मेली? मग धरणीमायला हे काम तुमच्या हातून नकोय. तिच्या मनाविरुद्ध मी वीटही ठेवत नाही."

आता निएवेस बोलेल, असं मला वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. धरणीमायने नाही मारलं, दोन्या, बिअर आत गेली. बाई व्यवहारी होती, हसली असती, आठ दिवस दिलेही असते. भावोजी स्वतः सांगणार नव्हते. आपण सगळ्यात भक्तीने जे केलं त्यानेच घात झाला, हे कुणाच्या तोंडून निघतं का? निएवेसने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "बरोबर आहे, दोन्या. तिचीच इच्छा नसेल."

आणि दार उघडून बाईला पायरीपर्यंत पोचवायला गेली.

निएवेस साव पावलोची बस पकडायला निघाली तेव्हा नायरा रडली नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. चकती निएवेसने बरोबर नेली, नायराच्या त्याच ब्लाउजमधे गुंडाळून.

त्या दिवसापासून भावोजी मला रोज सकाळी गच्चीवर आणतात. ऊन कडक असतं इथलं. दहिवर पडायच्या आत उचलून घरात नेतात. बटाटे वाळतात तशी मीही वाळेन आणि एक दिवस दिवे लागतील, असं त्यांना वाटतं. रविवारी साव पावलोहून फोन येतो. भावोजी बोलतात ते माझ्या शेजारी बसूनच.

"सुकतेय गं. कालच्यापेक्षा हलकी लागली आज."

पलीकडून तिचा आवाज येतो, शिवणयंत्रांच्या घरघरीतून. तिला सगळं माहीत आहे. माझा मेंदू जळालाय, कार्ड गंजलंय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तरी म्हणते, "हो भावोजी. उन्हात ठेवा. घाई करू नका."

नायरा फोन घेते. "आई, तिकडे खिडकी आहे का?"

"आहे ना," ती म्हणते.

म्हणून तुम्हाला हाक मारली. कधी या रस्त्याने गेलात तर जिना चढून वर या आणि मला उचलून भंगारवाल्याला देऊन टाका. भावोजी भांडतील, रडतील. रडू द्या. मी इथे वाळत राहीन तोवर या घरात कुणी दुसरी मशीन बघायला जाणार नाही. आणि ती बाई तिकडे तळघरात बाह्या शिवत राहील, माझ्या दिव्यांची वाट बघतेय असं दाखवत.

न्या मला. ऊन उतरायच्या आत या. त्यानंतर ते मला आत नेतात.