दुसरी मंजुरी

"हे कोण मंजूर करतंय?" साहेबांनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मास्तर," मी म्हणाले.

"बाई, त्यांना जाऊन तीन महिने झाले."

मला काय माहीत नव्हतं होय! त्यांच्या घरून पहिला फोन मलाच आला होता.

मास्तर आणि मी, दोघंही साधे कारकून. दाखल्यांचं हे सरकारी सॉफ्टवेअर आम्ही सहा वर्षं खपून उभं केलं. कोड सगळ्यांना उघडा ठेवायचा, कुठूनही कुणीही दुरुस्ती पाठवावी, हा हट्ट त्यांचा. नियमही त्यांचाच: दोघांच्या मंजुरीशिवाय एक अक्षर बदलायचं नाही. एक मी, एक ते. तिसरा माणूस नेमायचं राहूनच गेलं, कारण आम्हाला कुणी पसंतच पडायचं नाही.

ते गेल्यावर सगळं ठप्प होणार, असा मी धसका घेतला होता. पण चौथ्याच दिवशी, सकाळी अकराला, त्यांच्या नावाने मंजुरी आली. खाली शेरा: "हे ठीक. पण जुन्या कोडमध्ये तारखेचा घोळ आहे. नीट बघा." बघितलं, तर खरंच घोळ होता. मग रोज अकरालाच मंजुरी येऊ लागली. खरं सांगते, मी कुणापाशी बोलले नाही. मला बरं वाटायचं.

"वहिनींना विचारलंत?" साहेबांचा आवाज खाली आला.

"विचारलं. लॅपटॉप कपाटात आहे. चालूच होत नाही म्हणाल्या."

"म्हणजे कुणीतरी पासवर्ड चोरलाय. आत्ताच्या आत्ता काढा त्यांचं नाव. लोकांचे दाखले आहेत, बाई, खेळ आहे का?"

बरोबर होतं त्यांचं, म्हणूनच जास्त राग आला. मंजुरी देणाऱ्यांच्या यादीतून मी मास्तरांचं नाव खोडलं, बदल पाठवला आणि जीभ चावली. ती यादीही कोडमध्येच. तिलाही दुसरी मंजुरी लागणार.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. अकरा वाजले.

मंजूर. खाली शेरा: "आधीच कुणाला तरी शिकवायला हवं होतं. माझं चुकलंच."

साहेब घाम पुसत बाहेर गेले. यादीत आता मी एकटीच. मी पुढची दुरुस्ती उघडली, माझी मंजुरी दिली. एक मंजुरी बाकी, असं स्क्रीनवर आलं.

"मास्तर?" मी हळूच हाक मारली.

कुणी ओ दिली नाही. संध्याकाळी दार ओढून घेतलं, तेव्हाही एक मंजुरी बाकीच होती.