दोन टोल आणि दम

लंडनचे अ‍ॅटवुडसाहेब आमचं चर्च बघायला आले, ते नेमके त्याच दिवशी! जॉर्ज राजांच्या काळातले खांब, गलबतांच्या मालकांची कोरीव बाकं, साखरेच्या व्यापाराच्या पैशातून आलेली घंटा, सगळ्यावर हात फिरवत होते. मी मात्र घंटेचा दोर ओढत होते. बंदरावर धुकं उतरलं होतं आणि माझा नवरा जोरी कोळशाचं गलबत घेऊन परतत होता. टोल सलग ऐकू आले की खडकांबाहेर नांगर टाकून थांबायचं, ही आमच्याकडची रीत.

तेवढ्यात सुईण धापा टाकत आली. "लव्हडे, चल गं! टॅमसिन अडलीय."

टॅमसिन माझी एकुलती लेक. मी दोर साहेबांच्या हातात कोंबला. "ओढत राहा. थांबायचं नाही!"

"अहो, पण मी कधी..."

"आज शिका!"

लेकीच्या उशाशी टेकते न टेकते तोच कानावर आलं. दोन टोल. गप्प. पुन्हा दोन. गप्प. पुन्हा दोन.

सुईणीचे हात थबकले. "अगं बाई, कोण गेली?"

बाई गेली की आमच्याकडे असेच टोल पडतात. टॅमसिनचे दिवस भरलेत हे जोरीला ठाऊक होतं. लेकच गेली, असं समजणार तो. आता कसला थांबतोय तो! धुक्यात तसाच खडकांत घुसेल.

"आई, जा," टॅमसिन दात आवळून म्हणाली. "बाबांना थांबव!"

मी चर्चची चढण धावत चढले. साहेब घामाघूम झाले होते. "दोनदा ओढलं की दम लागतो हो..."

"मेल्या, माझ्या पोरीचं मरण वाजवलंस!" दोर हिसकावून मी ओढत सुटले. पण वाजलेलं परत कसं घेणार?

खाली खडकांवर लाकूड कडाडलं.

किती वेळ ओढत होते देव जाणे. मग दारात जोरी दिसला, नखशिखांत भिजलेला, एका पायात बूट नाही.

"टॅमसिन?"

"जिवंत आहे रे! ह्या साहेबांना नुसता दम लागला होता."

तो मालकांच्या बाकावर मटकन बसला. "गलबत गेलं, लव्हडे. माणसं आली पोहून." साहेब दोराकडे सरकले, तसा तो उठला. "तुम्ही बसा. मागे अजून गलबतं आहेत." आणि त्याने स्वतः दोर धरला.

मी खाली लेकीकडे पळाले. सुईण खिडकीतून ओरडली, "घंटा थांबवू नका म्हणावं! पोरगी त्या ठोक्यांवर जोर करतेय!"