आंबलेला मका

हांगाच्या बुटाला घंटी बांधायची कल्पना पापांची. गळाच्या काठीच्या टोकाला लावतात तसल्या चिमट्याच्या दोन पितळी घंट्या त्यांच्या डब्यात चाळीस वर्षं होत्या. एक काठीसाठी, दुसरी अडीअडचणीला. ती दुसरी त्यांनी नातीच्या डाव्या बुटाच्या नाडीला अडकवली आणि सुनेला म्हणाले, "घे. मासा आला तरी कळेल, पोरगी पळाली तरी कळेल. आता तरी जिवाला जरा स्वस्थता दे."

एनिकोच्या जिवाला स्वस्थता माहीत नव्हती. हांगा जन्मली त्या रात्रीपासून तिचा एक कान कायम उभा असायचा. पण घंटीची युक्ती तिला पटली. काठीवरची घंटी जाड आवाजाची, ठणठणीत. बुटावरची बारीक, किणकिणणारी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळ्याकाठच्या धक्क्यावर बसलेल्या पापांची टोपी तेवढी लव्हाळ्यावर दिसायची, पण दोन्ही आवाज साठ पावलांवरून नीट वेगळे ओळखू यायचे.

सोमवारी तिला वेस्प्रेम शहरातल्या औषधाच्या दुकानात परत रुजू व्हायचं होतं. बाळंतपणाची तीन वर्षं जागा राखून ठेवली होती, ती या आठवड्यात संपत होती. "सोमवारी आलात तर आनंद आहे, नाही तर आम्हाला दुसरी बघावी लागेल," असं तिथल्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. बालवाडी सप्टेंबरात उघडणार. जुलै-ऑगस्टचे आठ आठवडे, एवढाच काय तो प्रश्न. नवरा, झोल्ट, ऑस्ट्रियात हॉटेलच्या स्वयंपाकघरात, एक आड एक रविवारी घरी. एनिकोची आई सीमेपलीकडे कोलोझ्वारला, गुडघे धरून बसलेली. उरले पापा. म्हणून हा आठवडा परीक्षेचा ठरला होता, पापांना न सांगता: रोज दुपारी तीन ते पाच हांगा त्यांच्याजवळ, धक्क्यावर. आज शुक्रवार. चार दिवस पार पडले होते.

पार पडले होते, असं ती स्वतःला बजावत होती.

कारण माशांना चारा म्हणून आणलेलं मक्याचं पोतं नऊ दिवसांत संपलं होतं. एरवी महिना पुरायचं. मंगळवारी पापांनी सकाळी मका उकडला, आणि ती दुपारचे कपडे वाळत घालून आली तर चुलीवर पुन्हा तेच मोठं पातेलं रटरटत होतं. "उद्याचा करून ठेवतोय," ते म्हणाले. बुधवारी उद्याचा मका कुठेच नव्हता. तिनं हे पाहिलं होतं. पाहिलं आणि विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि तिला सोमवारपर्यंत उत्तर नको होतं.

आणि कार्प मासा? तीन आठवड्यांत एक नाही. गावातला कोणीही सांगेल, अंब्रुशच्या, म्हणजे पापांच्या, धक्क्यावर असं कधी झालेलं नाही. चारा कसा टाकायचा ते लोक त्यांच्याकडून शिकायला यायचे. एकच जागा, एकच वेळ, एकच माप: संध्याकाळी पाचला तीन ओगराळी उकडलेला मका, समोरच्या तुटक्या खुंटाच्या डाव्या बाजूला. ना दाणा जास्त, ना दाणा कमी. "मासा पाहुणा आहे," ते सांगायचे. "त्याला जेवायला बोलवा, त्याच्यावर ताट उपडं करू नका. पोट भरून उरलं की खाली राहतं, आंबतं, आणि आंबलेल्या पंगतीला कार्प महिनाभर फिरकत नाही."

शेजारच्या धक्क्यावरचा कालमान गेले काही दिवस त्यांना डिवचत होता. परवाच एनिकोनं खिडकीतून ऐकलं होतं.

"काय रे अंब्रुश, रुसले का मासे? नाताळच्या सूपाला यंदा दुकानातून आणू का एक, पिशवीतून, डोकं कापलेला?"

"तू आण. तुला दुकानाचीच सवय. तुझ्या गळाला गेल्या वर्षी काय लागलं? चप्पल!"

"चप्पल तर चप्पल. जोडी व्हायची वाट बघतोय."

दोघं खो खो हसले होते, हांगाही हसली होती, आणि एनिकोला वाटलं होतं, बघ, सगळं ठीक आहे. तुलाच भुतं दिसतात.

शुक्रवारी तिनं काकड्या घातल्या. काचेच्या मोठ्या बरणीत काकड्या उभ्या लावायच्या, शेपू, लसूण, कोमट मिठाचं पाणी, वर पावाची जाड कड, आणि बरणी खिडकीत उन्हात. तीन दिवसांत आंबून तयार. सोमवारी कामावरून आल्यावर थंडगार खाऊ, असा हिशेब. हात कामात, कान बाहेर. किणकिण. हांगा खेळतेय. किणकिण. छान. तिनं शेपूच्या काड्या कापल्या, लसूण सोलला, एक काकडी स्वतःच खाल्ली. कितीतरी दिवसांनी तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. वीसेक मिनिटं गेली असतील.

मग तिचा हात बरणीवर थांबला.

किणकिण. थोडं थांबून, किणकिण. पुन्हा तेवढंच थांबून, किणकिण. तीन वर्षांचं मूल असं वाजत नाही. मूल धावतं तेव्हा घंटी वेड्यासारखी वाजते, बसतं तेव्हा गप्प होते, पडतं तेव्हा एकदाच खणकन. हे तर संथ चाललं होतं, श्वासासारखं. लाटांसारखं.

चप्पल कुठे राहिली तिला कळलं नाही. साठ पावलं ती कशी धावली तेही नाही. फळ्यांवर पोचली तेव्हा पापा त्यांच्या घडीच्या खुर्चीत, पाठमोरे, नजर गळाच्या दोरीवर. काठीच्या टोकाला बारीक घंटी होती. हांगाची.

"पापा, हांगा?"

"इथेच आहे की." ते वळले, रिकाम्या फळीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आत्ता इथे होती."

लव्हाळ्यात, धक्क्याच्या उजव्या अंगाला, हांगा छातीइतक्या पाण्यात उभी होती. रडत नव्हती. एका हाताने तिनं लव्हाळ्याची काडी धरली होती आणि दुसऱ्या मुठीतून एकेक दाणा पाण्यात सोडत होती, मनातल्या मनात मोजल्यासारखी. लाट आली की हनुवटी वर करायची.

एनिकोनं उडी मारली. पाणी तिच्या मांडीपर्यंत, पण पाय टेकेना. खाली गाळ नव्हता, काहीतरी फुगलेलं, बुळबुळीत, घोट्याच्या वर येणारं. पोरीला उचललं तसा तो थर फुटला आणि वास वर आला. बरणीचा वास, पण सडलेला. हांगाच्या मोज्यांत, बुटांत, तिच्या स्वतःच्या बोटांमध्ये करडे, फुटलेले दाणे चिकटले होते. मका. पोत्यावारी मका. तो खुंटाजवळ नव्हताच. पापांचा हात आता तिथवर पोचत नव्हता. सगळा इथे, पायाशी पडला होता.

गडबड ऐकून कालमान त्याच्या धक्क्यावरून लव्हाळं बाजूला सारत आला. "बरी आहे ना पोर? देवा रे! बरी आहे ना?"

"कालमानकाका, पापा किती वेळा चारा टाकतात?"

कालमाननं टोपी काढली. "आज? सकाळी सहाला टाकताना पाहिलं. मग नऊला. जेवायच्या आधी एकदा... मी म्हटलं काहीतरी नवी पद्धत असेल. चाऱ्याचं अंब्रुशला कोण सांगणार, पोरी?"

"मला सांगायचं होतंत."

"हो," तो म्हणाला. "पण तूही इथेच राहतेस ना गं."



पापा काठीजवळ उभे होते, हात लोंबत. "माझी घंटी पाण्यात पडली," ते म्हणाले. "म्हटलं, मासा येऊन जायचा आणि कळायचंही नाही. म्हणून तिची घेतली. जरा वेळ. तिला म्हटलं, बस हं इथे." ते समजावून सांगत होते, मुलाखतीला आलेल्या माणसासारखे. परीक्षेचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. "सोमवारी मी सहालाच उठेन. तू निघायच्या आत मका उकडून मोकळा होतो. मग दिवसभर हिच्याकडेच लक्ष."

"हो, पापा."

हांगाला तिनं स्वतःच्या झग्याच्या घेरात गुंडाळलं. पोरीचे दात वाजत होते. चर्चचे पाच ठोके पडले. त्या आवाजासरशी पापांचे खांदे सरळ झाले. त्यांनी बादली पुढे ओढली, ओगराळं भरलं आणि फेकलं. दाणे हातभर पुढे पडले. एक. दोन. तीन. खुर्चीत बसले. दोरी पाहिली. घड्याळ पाहिलं. उठले, ओगराळं बादलीत घातलं, आणि ते तसंच धरून थांबले.

"पोरी," ते हळूच म्हणाले, कालमानला ऐकू जाऊ नये म्हणून, "मी टाकलं का आत्ता?"

"टाकलंत, पापा."

ओगराळं त्यांनी हलकेच बादलीत सोडलं. पाण्याकडे पाहिलं. "मग येत का नाहीत?"

कालमान पाठ फिरवून लव्हाळ्यात निघून गेला. एनिकोनं काठीच्या टोकावरची घंटी काढायला हात पुढे केला.

"राहू दे ना ती," पापा म्हणाले. "आला तर कळणार कसं?"

तिनं हात मागे घेतला.

घरी तिनं हांगाला गरम पाण्यात बसवलं, बोटाबोटांमधले दाणे काढले, टॉवेलात घट्ट गुंडाळून मांडीवर घेतलं. झोल्टला फोन लावला. मागे भांड्यांचा खणखणाट. "अगं, चाळीस वर्षं ती जागा सांभाळली त्यांनी," तो म्हणाला, "एक दिवस चुकले. तू ना, सगळं मोठं करतेस. सोमवारी जा तू बिनधास्त." तिनं मक्याचं सांगितलं. थर घोट्याच्या वर येत होता, हे सांगितलं. पलीकडे भांडी वाजत राहिली. मग तो म्हणाला, "रविवारी बोलू." हा रविवार त्याचा नव्हता.

मग तिनं औषधाच्या दुकानातल्या बाईंचा नंबर काढला.

"सोमवारी मला येता येणार नाही."

"सोमवारी नाही, की—"

"येताच येणार नाही."

"वाईट वाटतं हो ऐकून," बाई तशाच गोड आवाजात म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा हांगा मांडीवर झोपली होती, एक मूठ अजून आवळलेली. एनिकोनं ती सोडवली नाही. खिडकीत काकड्यांच्या बरणीतलं पाणी आतापासूनच जरा गढूळ व्हायला लागलं होतं. खाली लव्हाळ्यावर टोपी दिसत होती, जराही न हलणारी, आणि लाटांबरोबर ती बारीक घंटी वाजत होती.