पाण्याचा शनिवार

भांडुपच्या आमच्या मंडळीत भांडणांना कधी तोटा नव्हता. पण भांडण मिटवायची रीतही होती, आणि ती नगर जिल्ह्यातल्या गावांतून आमच्या वाडवडिलांबरोबर इथं आलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ज्यानं कुणाचं मन दुखावलं असेल त्यानं त्या माणसाच्या घरी जायचं, आपलं काय चुकलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि त्याच्या हातचं पाणी प्यायचं. पाणी मिळालं की झालं, दोघंही रविवारी भाकर आणि प्याला घ्यायला मोकळे. पाणीच का, तर आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले तेव्हा कुणी महारवाड्यातून आले होते, कुणी मांगवाड्यातून, आणि एकाच प्रभूचं नाव घेऊनही एकमेकांच्या हातचं पाणी पीत नव्हते. कुण्या शहाण्या पाळकानं ही रीत घालून दिली. आम्ही त्याला पाण्याचा शनिवार म्हणायचो.

मी चार वर्षं तो पाळला नाही. गरजच पडली नाही म्हणा ना.

एक्क्याऐंशी साली मंडळीत फूट पडली. ती पायपेटीवरून पडली, असं आम्ही सगळे सांगायचो. माझे यजमान मकासरे मास्तर यांनी ती पायांनी भाता मारायची मोठी पेटी नगरच्या मिशन बंगल्यातून ट्रकमध्ये घालून आणली होती, आणि वारेपर्यंत दर रविवारी तेच वाजवायचे. ते गेले आणि जयवंतनं तबला आणला. जयवंत म्हणजे शांताबाईचा मुलगा. रविवारच्या शब्बाथशाळेत माझ्याच हाताखाली शिकलेला, दुपारी माझ्याकडेच जेवणारा. मला मूलबाळ नाही, तेव्हा त्याला वाढताना मी काय समजत होते ते सांगायला नको. त्याला उपासनेत भजनं हवी होती. मला मास्तरांची पेटी हवी होती. सभा झाली, आरडाओरडा झाला, अर्धी माणसं इकडं आणि अर्धी तिकडं. शेवटी पंचांनी तोडगा काढला. आठ वाजता आमची उपासना, पायपेटीची. साडेदहाला त्यांची, तबल्याची. मध्ये तासभर मोकळा, म्हणजे फाटकातसुद्धा कुणी कुणाला भेटायला नको.

सुंठीवाचून खोकला गेला. ज्याच्याशी भांडण तो माणूस आपल्या उपासनेत नाहीच, मग पाणी कुणाकडं प्यायचं? आम्ही धुतलेले कपडे घालून यायचो, पापांची कबुली एका सुरात म्हणायचो, भाकर घ्यायचो आणि घरी जायचो. कुणाचं काही अडत नव्हतं.

घरी जायचो, हे मात्र सोपं नव्हतं. मी म्युनिसिपालिटीच्या इस्पितळातून सिस्टर म्हणून रिटायर झालेली बाई. माझी खोली चर्चच्या मागच्या गल्लीत. साडेनऊला कुलूप उघडायचं आणि पुढचा अख्खा रविवार समोर पसरलेला. एका माणसाचा भात करायला वेळ तो किती लागणार? साडेदहाला तिकडं तबला सुरू व्हायचा तो खिडकीतून सरळ आत यायचा. पहिल्या वर्षी मी रेडिओ मोठा करायची. दुसऱ्या वर्षी खिडकी लावून घ्यायची. तिसऱ्या वर्षी तांदूळ निवडत मुकाट ऐकायला लागले. जयवंतचा हात चांगला बसला होता, हे मी कुणाजवळ बोलले नाही. बोलायला कुणी नव्हतंही. आठच्या उपासनेला आम्ही अकरा जण उरलो होतो. पेटी वाजवणारा वसईला राहायला गेला, तेव्हा मीच भाता मारून मला येणाऱ्या दोन चाली आळीपाळीनं वाजवायची. अकरा जण अकरा बाकांवर बसायचे. ज्याचा बाक त्याचा, कुणी सरकून कुणाजवळ यायचं नाही.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत नवे पाळक आले. पस्तिशीचे असतील, अंगानं बारीक, आवाज आणखी बारीक. दोन महिने त्यांनी दोन्ही उपासना गुमान चालवल्या. मला वाटलं, हे आपल्या कामाचे. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी दोन्हीकडं एकच जाहीर केलं. तीन मार्चला एकच उपासना, नऊ वाजता, प्रभुभोजनाचं एकच मेज. आणि दोन तारखेला पाण्याचा शनिवार. ज्याचा समेट झाला नसेल त्यानं उपासनेला जरूर यावं, पण मेजाशी येऊ नये.

बुधवारी ते माझ्याकडं आले.

"सिस्टर, तुम्ही शनिवारी कुणाकडे जाणार?"

"माझं कुणाशी भांडण नाही, पाळकसाहेब."

"मग चार वर्षं दोन उपासना कशाला?"

"ते पायपेटीचं आहे."

त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "पायपेटीच्या हातचं पाणी पिता येत नाही ना, सिस्टर. माणूस कोण ते सांगा."

मी सांगितलं नाही. ते गेल्यावर त्यांचा कप धुताना चडफडत राहिले, की कालचं पोर मला समेट शिकवतं.

शनिवारी सकाळीच मी माठ घासून भरला, पितळेचे दोन पेले चिंचेनं लख्ख केले आणि दार उघडं टाकून बसले. जयवंत येणार, अशी माझी खात्री होती. चूक त्याची, तेव्हा यायचंही त्यानंच. दुपारी समोरच्या गॅलरीतल्या जानकीकडं दोघं येऊन गेले. तिच्या घरातून आधी रडण्याचा आवाज आला आणि मग हसण्याचा. पाच वाजता कंपनीचा भोंगा झाला तरी माझ्या दारात कुणी नाही. जयवंत नाही, दुसरंही कोणी नाही. अख्ख्या मंडळीत माझ्या घरचं पाणी प्यावं असं एकाही माणसाला वाटलं नव्हतं. भरलेल्या माठाशेजारी बसून मला माझीच लाज वाटली. कारण खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

फूट पायपेटीवरून पडलीच नव्हती. त्या सभेत मी उठून एक वाक्य बोलले होते, त्यावरून पडली होती. जयवंतचे वडील धोंडिराम तरुणपणी गावात लग्नाकार्यात हलगी वाजवायचे. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ती टाकली आणि पुन्हा हातात घेतली नाही. ते त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसलेले होते, मला दिसत होते, आणि तरी मी बोलले. ते वाक्य सभेच्या इतिवृत्तात नोंदलं गेलं नाही. नंतर कुणी उच्चारलंही नाही. सगळ्यांनी मिळून पायपेटी पुढं केली, आणि मी सर्वांत आधी तिच्यामागं लपले. धोंडिराम त्या दिवसापासून चर्चला आले नाहीत. त्र्याऐंशीत वारले. अंत्यविधी साडेदहावाल्यांनी केला. मी खिडकीतून शवपेटी जाताना पाहिली आणि खाली उतरले नाही.

मी पदर सारखा केला आणि निघाले.

शांताबाईचं घर टेंभीपाड्याच्या चढावर. पायऱ्या मोजून चढावं लागतं, मध्ये दोनदा बसले. वर पोहोचले तेव्हा जयवंतची बायको शकु दारात भाजी निवडत होती. ती उठली आणि आत गेली. जयवंत बाहेर आला. कानाशी केस पांढरे झाले होते त्याचे, तेही मला माहीत नव्हतं.

"बाई, तुम्ही? एवढं चढून? निरोप धाडायचा ना, मीच आलो असतो."

"पाण्याला आले."

तो ओशाळला. "अहो, तुमचं-माझं काही नाहीच. पेटीचं मी केव्हाच सोडून दिलंय. उद्या तुम्ही पेटी वाजवा, मी तबला धरतो, दोन्ही चालेल. शकु, बाईंना पाणी आण गं."

शकुनं पेला आणला. किती सोपं करून दिलं होतं पोरानं. हात पुढं केला की सुटका, उद्या मेजाशी सर्वांत पुढं जायला मी मोकळी. माझा हात पुढं गेलाही होता.

आतल्या खाटेवरून शांताबाई बोलली, "थांब शकु. तिला आधी सांगू दे."

सत्तरीची बाई, पण आवाज खणखणीत. आम्ही एके काळी रविवारी एका ताटात जेवलेल्या. मी आत गेले, खाटेसमोर जमिनीवर बसले.

"शांताबाई, पायपेटीवरून मी फार ताणून धरलं, ते माझं..."

"पेटीचं नगं. काय म्हनली व्हतीस ते म्हन."

"जाऊ दे ना आई," जयवंत म्हणाला.

"तू गप रे. तिला ठावं हाय, मला ठावं हाय. मेलेल्याला बी ठावं व्हतं."

इस्पितळात तीस वर्षं मी माणसांच्या जखमा उघडल्या, साफ केल्या, बांधल्या. त्या खोलीत तोंड उघडायला मला किती वेळ लागला ते देव जाणे. शकु उभी, जयवंत उभा, त्याची शाळकरी मुलगी पुस्तक मांडीवर घेऊन माझ्याकडं बघतेय.

"मी म्हणाले होते," मी म्हणाले, "की हलगी वाजवणाऱ्याच्या घरात वाढलेल्याला उपासना काय कळणार. मांगवाडा गळ्यापर्यंत आला तरी आम्ही गप्प बसायचं का. असं म्हणाले होते. धोंडिराम बसलेले दिसत होते मला. दिसत होते म्हणूनच म्हणाले."

हे शेवटचं मी आधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शांताबाई खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "घरी येऊन त्यानं मला इचारलं. म्हनला, शांते, आपन बाप्तिस्मा घेतला तवा तर सगळं धुतलं म्हनले व्हते ना? मी काय सांगू? दोन वरसं त्यानं भाकर घेतली न्हाई. तसाच गेला. तू मातीला बी आली न्हाईस."

"नाही आले."

"आता पानी मागतीस."

"हो."

तिनं शकुच्या हातातून पेला घेतला. मला वाटलं देतेय. तिनं तो शेजारच्या फळीवर ठेवला.

"आज न्हाई देत मी, प्रेमा. द्यायचं मनात हाय, पर आतून येत न्हाई. नुसतं हातानं देऊ का? खोटं पानी व्हईल ते."

जयवंत काही बोलायला गेला, मी त्याला हातानंच थांबवलं. तिचं खरं होतं. मी "येते" म्हणाले आणि पायऱ्या उतरले. चढताना घशाला पडलेली कोरड उतरतानाही तशीच होती. घरी येऊनही मी माठाकडं गेले नाही. रागानं नाही. ते पाणी माझ्या घशाखाली उतरलं नसतं.

रविवारी न जाण्याचा विचार मनात येऊन गेला. पण पाळकांनी सांगितलं होतं, जरूर यावं. नऊला चर्च इतकं भरलं होतं की मुलं खिडक्यांच्या कट्ट्यावर बसली होती. माणसं एकमेकांना निरखून बघत होती, कोण किती म्हातारं झालं ते. मी मागं, शेवटच्या बाकाच्या टोकाला बसले. तो धोंडिरामांचा बाक होता. माझ्याजवळची जागा रिकामी राहिली, त्यात नवल नव्हतं.

पाळकांनी भाकर मोडली. मागच्या बाकांपासून सुरुवात करून एकेक बाक उठू लागला. पुढं जाऊन गुडघे टेकायचे, घ्यायचं, परत यायचं. आमच्या आठवाल्यांपैकी दहा जण गेले. अकरावी मी. माझ्या बाकावरचे सगळे उठले आणि मी पाय आवरून त्यांना जायला वाट दिली. चार वर्षं न चुकता भाकर घेतली आणि कधी काही वाटलं नाही. आज घेत नव्हते, तर उपाशी माणसासारखी पुढं बघत होते. लोक परत येताना माझ्याकडं पाहून नजर वळवत होते. एका सिस्टरला मेजाशी जाता येत नाही, हे आज सगळ्या मंडळीला कळलं. कळू दे.

पुढच्या बाकावरून शकु उठली, मुलगी उठली. जयवंतनं आईला हात दिला. शांताबाईनं मान हलवली. त्यानं वाकून काहीतरी विचारलं, तिनं पुन्हा मान हलवली, मग तो एकटाच पुढं गेला. ती बाकाला धरून उठली आणि मधल्या वाटेनं मागं यायला लागली. पुढं जाणारी माणसं बाजूला होऊन तिला वाट देत होती. ती माझ्यापर्यंत आली.

"सरक," ती म्हणाली.

मी सरकले. ती धापा टाकत बसली.

"तुम्ही का नाही घेत?" मी हळूच विचारलं. "तुमचं काय चुकलंय?"

"काल पानी दिलं न्हाई ना मी. मंग कोन्त्या तोंडानं प्याला घेऊ?"

पुढं पाळक तेच शब्द नव्या रांगेला सांगत होते. आम्ही दोघी ऐकत होतो.

"पुढल्या शनवारी ये," ती पुढंच बघत म्हणाली.

"पुढला शनिवार पाण्याचा नाही, शांताबाई. तो आता एप्रिलात."

"ठावं हाय मला. तरी ये. एकदम न्हाई जमायचं मला, हळूहळू व्हईल. त्याच्या पुढल्या शनवारी बी ये."

"येईन," मी म्हणाले.

शेवटची रांग उठून गेली. मागं फक्त आम्ही दोघी उरलो, त्या भरल्या चर्चमध्ये प्रभुभोजनावाचून बसलेल्या. बाक अरुंद होता. तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता, आणि तिनं तो काढून घेतला नाही.